पिन ज्याचा त्यानेच टाकावा : सुगम्य कार्ड मशीनच्या प्रकल्प नोंदी

9 जून 2025, सोमवार

आजपासून या कामाच्या नोंदी रीतसर ठेवण्यास सुरुवात करीत आहे. आमची छोटी तुकडी पुण्यात अँड्रॉइड कार्ड मशीनवर चालणारे पेमेंट अ‍ॅप तयार करते. दुकानदार ज्याला सरसकट ‘स्वाइप मशीन’ म्हणतात, त्याच्या स्क्रीनवर जे दिसते त्यातील बराचसा भाग आमच्या हातचा असतो.

या कामाचे कारण मागच्या गुरुवारी सदाशिव पेठेतील एका औषधाच्या दुकानात घडले. माझ्यापुढे साठीचे एक गृहस्थ पांढरी काठी घेऊन उभे होते. त्यांचे बिल पाच हजारांच्या वर गेले होते, त्यामुळे कार्ड नुसते टेकवून भागण्यासारखे नव्हते आणि मशीनने पिन मागितला. जुन्या मशीनवर रबरी बटणे असत. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा बोटाला लागला की बाकीचे अंक आपोआप सापडत. या मशीनवर सपाट काच होती. त्यांनी काचेवरून दोनदा बोट फिरवले आणि हात मागे घेतला. दुकानातला मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला, “काका, पिन सांगा, मी टाकतो.” काकांनी सांगितला. आवाज त्यांनी खाली आणला होता, तरी रांगेतल्या आम्हा तिघांनाही चारही अंक स्पष्ट ऐकू आले. त्या मशीनमधले अ‍ॅप आमचे होते.

आमच्या नोंदवहीत तो व्यवहार ‘यशस्वी’ म्हणूनच जमा झाला असणार, आणि मला खुपते ते हेच. या प्रकल्पापुरती यशाची व्याख्या म्हणून आज लिहून ठेवतो: ग्राहकाने रक्कम स्वतः जाणून घेतली, पिन स्वतःच्या बोटांनी टाकला आणि त्यातला एकही अंक दुसऱ्या कोणाला कळला नाही, तरच तो व्यवहार पूर्ण झाला असे आम्ही मानू.

12 जून 2025, गुरुवार

पहिला प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला तो रास्त होता. मोबाइलवर दृष्टिहीन लोक टॉकबॅक (स्क्रीनवरचे वाचून दाखवणारी अँड्रॉइडमधील सोय) वापरून सगळे काही करतात, तर तेच इथे सुरू का करू नये? याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न पुढेही प्रत्येक बैठकीत येणार आहे.

पिन टाकण्याची स्क्रीन आमचे अ‍ॅप काढतच नाही. ती मशीनच्या सुरक्षित फर्मवेअरमधून (उत्पादकाने मशीनमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधून) येते, बोट कुठे पडले हे फक्त त्या सुरक्षित भागालाच कळते आणि आमच्या हाती पडतो तो सांकेतिक रूपात गुंडाळलेला पिनचा संच. ही रचना योग्यच आहे. तिच्यामुळेच अ‍ॅप लिहिणाऱ्याला कोणाचा पिन चोरता येत नाही. मात्र त्याच भिंतीमुळे स्क्रीन वाचून दाखवणारे कोणतेही साधन आत पोहोचू शकत नाही. ते पोहोचले तरी उपयोग नाही, कारण टॉकबॅक बोटाखालचा अंक मोठ्याने उच्चारतो आणि कार्ड उद्योगाचे सुरक्षा नियम नेमके तेच निषिद्ध मानतात. प्रत्येक कळेचा आवाज एकसारखाच असला पाहिजे, ऐकणाऱ्याला त्यावरून अंक ओळखता येता कामा नये, अशी अट आहे.

म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला आवाजाने सांगायचे, पण अंक सांगायचा नाही. सगळी अडचण या एका वाक्यात सामावलेली आहे. काही मशीनवर भर म्हणून दर वेळी अंकांच्या जागाही बदलतात. मागून पाहणाऱ्याला चकवण्यासाठी केलेली ही सोय दृष्टिहीन ग्राहकाचा मार्ग पूर्णपणे बंद करते.

18 जून 2025, बुधवार

व्यवस्थापनापुढे टिपण ठेवले. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016’ माहिती-तंत्रज्ञान आणि रोजच्या वापराच्या वस्तू या दोन्हींच्या सुगम्यतेबद्दल बोलतो. अशा सुगम्यतेसाठीचे भारतीय मानक आयएस 17802 दोन भागांत उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेने 11 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात पेमेंट व्यवस्था आणि कार्ड मशीनसारखी उपकरणे दिव्यांगांना सहज वापरता यावीत यासाठी आवश्यक ते बदल करण्यास सांगितले आहे, आणि ते करताना सुरक्षिततेशी तडजोड होऊ नये असेही बजावले आहे. याच वर्षी 30 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीसंबंधीच्या (ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याविषयीच्या) निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

एटीएमचे उदाहरणही दिले. 1 जुलै 2014 पासून बसवले जाणारे प्रत्येक नवे एटीएम बोलके असावे आणि त्यावर ब्रेल कळा असाव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. एटीएममध्ये इअरफोन खुपसून पैसे काढणारा माणूस शेजारच्या दुकानात गेल्यावर मात्र पिन तोंडाने सांगतो, हे चित्र बैठकीत सर्वांनाच पटले. तीन महिन्यांची मुदत आणि दोन माणसे मिळाली.

28 जून 2025, शनिवार

युरोपीय महासंघाचा सुगम्यता कायदा आजपासून लागू झाला. 2019 साली संमत झालेल्या या निर्देशात कार्ड मशीनचा स्पष्ट उल्लेख आहे. आमचे मशीन बनवणारी कंपनी तिकडेही माल विकते, त्यामुळे आजवर थंड असलेल्या त्यांच्या अभियंत्यांचा प्रतिसाद या आठवड्यात बदलला. त्यांच्या फर्मवेअरमध्ये दृष्टिबाधितांसाठीचा एक मोड आधीपासून आहे, तो फक्त कोणी सुरू करीत नाही, असे समजले. चाचणीसाठी बदल करता येईल असे वेगळे फर्मवेअर देण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

ऑस्ट्रेलियातील ‘आल्बर्ट’ या मशीनचे प्रकरणही वाचून काढले. कॉमनवेल्थ बँकेचे ते मशीन पूर्णपणे स्पर्शपटलाचे होते. दृष्टिहीन ग्राहक त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि 2019 च्या सुरुवातीला तडजोड झाली. तिथेही मशीनमध्ये सोय होती, पण ती वापरण्यासाठी आधी शिकावी लागत असे. काउंटरवर रांग उभी असताना कोणी शिकत बसत नाही, हा धडा आम्ही आमच्यापुरता लिहून घेतला.

5 जुलै 2025, शनिवार

पहिली चाचणी झाली. पाच जण आले. बँकेतून निवृत्त झालेले टेलिफोन ऑपरेटर (पुढे ‘काका’), महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एक ताई, मसाजचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ, एक विद्यार्थिनी आणि अल्पदृष्टी असलेला एक तरुण. पहिले चौघे पूर्ण दृष्टिहीन आहेत. चाचणीसाठी वेगळी कार्डे आणि वेगळे पिन दिले. कोणाचेही खरे कार्ड या कामात वापरायचे नाही असे ठरवले आहे. सर्वांना जाण्या-येण्याचे भाडे आणि त्यांच्या वेळेचे मानधन दिले.

फर्मवेअरमधील तयार मोडची कल्पना अशी: काचेवर पहिला स्पर्श जिथे होईल ती जागा म्हणजे पाच. तिथून बोट वर सरकवले की दोन, डावीकडे चार, तिरपे वर-डावीकडे एक. बोट उचलले की अंक स्वीकारला जातो. कागदावर ही कल्पना सुंदर वाटते, कारण काचेवर जागा शोधावीच लागत नाही. प्रत्यक्षात आठ आणि शून्य यांनी घात केला. आठ म्हणजे खाली एक पायरी आणि शून्य म्हणजे खाली दोन, पण पायरी किती लांबीची हे बोटाला कळण्यास कोणतेच साधन नाही. काकांच्या चाचणी पिनमध्ये शून्य होते आणि ते दर वेळी आठच उमटवत राहिले. तिसऱ्यांदा पिन चुकल्यावर ते शांतपणे म्हणाले, “खऱ्या कार्डाचं आत्ता कुलूप लागलं असतं.” बरोबर आहे, बहुतेक बँका लागोपाठ तीन चुकांनंतर कार्ड थांबवतात.

11 जुलै 2025, शुक्रवार

पायरी ओलांडल्यावर बारीक ‘टक’ असा आवाज द्यावा, असे मी सुचवले होते. दोन दिवस त्यावर काम केले आणि आज ते स्वतःच मागे घेतले. एका ‘टक’ने शेजारचा अंक आणि दोन ‘टक’ने शून्य कळत असेल, तर ते ग्राहकाइतकेच शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळते. इअरफोन असता तर प्रश्न नव्हता, पण या मशीनला इअरफोनचे भोकच नाही आणि ब्लूटूथ जोडण्यात काउंटरवर पाच मिनिटे जातील. आवाजातून जागा सांगण्याचा विचार मी आता कायमचा सोडला आहे. जागा बोटालाच कळली पाहिजे.

पारदर्शक सिलिकॉनचे, भोके पाडलेले आवरण काचेवर बसवण्याचा पर्यायही तपासला. चौघांनाही ते आवडले. बोटे लगेच सरावली. तरीही मी त्याच्या विरोधात मत नोंदवले, कारण कार्डांची माहिती चोरणारे लोक अशीच आवरणे मशीनवर चढवतात आणि दुकानदारांना आम्हीच गेली कित्येक वर्षे शिकवत आलो आहोत की मशीनवर काही चिकटवलेले दिसले तर वापर थांबवा. शिवाय आवरण सरकले की सगळे अंक एकदम चुकतात. मोठ्या काउंटरवर जिथे वायरने जोडलेले, खऱ्या बटणांचे वेगळे पिनपॅड ठेवता येते तिथे तेच ठेवावे. त्याहून चांगले काही नाही. आमचा प्रश्न हातात फिरणाऱ्या लहान मशीनचा आहे.

19 जुलै 2025, शनिवार

आज उत्तर सापडल्यासारखे वाटते आणि ते ताईंनी दिले. मशीन त्यांच्या हातात होते, स्क्रीन बंद होती. मी बोलत असताना त्यांचे दोन्ही अंगठे काचेच्या कडेने सावकाश फिरत होते; वरच्या कोपऱ्यात जात, खाली येत, खालच्या कोपऱ्यात थांबत. मग त्या म्हणाल्या, “सर, याची चौकट काचेपेक्षा किंचित वर आहे. मला चारही कोपरे दिसतायत की. एक, तीन अशा कोपऱ्यात द्या ना.”

अंकांची जाळी आजवर स्क्रीनच्या मध्यावर, लहानशा चौकोनात असे. ती पूर्ण काचेवर पसरवायची. साडेपाच इंची काच सुमारे 68 मिलिमीटर रुंद आणि 122 मिलिमीटर उंच आहे. तीन उभे आणि चार आडवे भाग केले तर प्रत्येक घर साधारण 23 बाय 30 मिलिमीटरचे होते, म्हणजे अंगठ्याहूनही मोठे. वरचे दोन कोपरे म्हणजे एक आणि तीन. खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘खोडा’, उजव्या कोपऱ्यात ‘पुढे’. खालच्या कडेच्या मधोमध शून्य. ज्या शून्याने काकांना छळले ते आता चौकटीला टेकलेले आहे आणि आठशी त्याची गल्लत होण्याचे कारण उरत नाही. कडेचा आधार नसलेले अंक दोनच राहतात: पाच आणि आठ. त्यासाठी काचेवर नव्हे, तर बाजूच्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर, चार-पाच-सहा या ओळीच्या उंचीवर दोन्हीकडे एकेक बारीक टिंब उठवायचे.

26 जुलै 2025, शनिवार

नवे फर्मवेअर आले. अंक स्वीकारण्याची पद्धतही बदलली आहे. बोट ठेवून जागा नीट धरावी आणि उचलावे. मग काचेवर कुठेही दोनदा टकटक केली की तो अंक आत जातो. तळहाताचा चुकून झालेला स्पर्श यात बाद होतो. प्रत्येक अंकानंतर मशीन फक्त मोजणी सांगते: ‘एक अंक झाला’, ‘दोन अंक झाले’. पिनची वेळमर्यादाही वाढवून घेतली, कारण जुन्या मर्यादेत दोघांचे मशीन तिसऱ्या अंकावर बंद पडले होते.

काकांनी शून्यासह पिन पहिल्याच प्रयत्नात टाकला. त्यांनी मशीन टेबलावर ठेवले नाही. हातातच धरून राहिले आणि पुन्हा एक व्यवहार करून पाहू म्हणाले. मग तिसरा केला, चौथा केला. आम्ही कोणी थांबवले नाही.

मोठ्या जाळीचा एक तोटा प्रामाणिकपणे नोंदवतो. बोटाची हालचाल मोठी होते आणि दुरून पाहणाऱ्याला ती वाचणे सोपे जाते. म्हणून या मोडमध्ये स्क्रीन पूर्ण काळी ठेवली आहे. अंक दिसतच नाहीत. मसाजवाल्या दादांनी दुसऱ्या हाताचा पंजा मशीनवर धरून दाखवला आणि म्हणाले की एटीएमवर ते नेहमी असेच करतात. दुकानदारांना देण्याच्या सूचनांत मशीन ग्राहकाच्या हातात द्यावे, हे वाक्य त्यामुळे पहिल्या क्रमांकावर गेले. काउंटरला साखळीने बांधलेले मशीन अंगाशी धरता येत नाही.

2 ऑगस्ट 2025, शनिवार

काळ्या स्क्रीनवर मी खूश होतो आणि आज अल्पदृष्टी असलेल्या तरुणाने माझी चूक दाखवून दिली. त्याला कागदावरील ठळक अक्षरे डोळ्यांपासून चार बोटांवर धरली की वाचता येतात. आमच्या मोडने त्याच्याकडे उरलेली तेवढी दृष्टीही निरुपयोगी केली. “जे थोडं दिसतं तेही तुम्ही बंद केलंत,” असे तो म्हणाला.

आता या मोडमध्ये आवाजाने एक प्रश्न विचारला जातो आणि अंक हवे असल्यास काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या, जाळीचे पूर्ण घर व्यापणाऱ्या मोठ्या आकड्यांत ते उमटतात. त्याच्यासोबत बसून नेहमीची स्क्रीनही पाहिली. बँकेचे बोधचिन्ह मोठे आणि रंगीत, तर रक्कम पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत. ज्याची गरज सर्वाधिक तेच सर्वांत अंधूक. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काचेवर नेमके रकमेच्या जागी पडत होते. हे बदल सर्वांसाठी करायचे आहेत. त्यासाठी वेगळ्या मोडची गरज नाही.

13 ऑगस्ट 2025, बुधवार

पिनच्या मागे लागून आम्ही रक्कम विसरलो होतो. 1 जानेवारी 2021 पासून पाच हजार रुपयांपर्यंत पिनशिवाय कार्ड टेकवता येते, त्यामुळे रोजच्या खरेदीत पिनचा प्रसंग कमीच येतो. पण पिन गेला तसा ग्राहकाचा शेवटचा थांबाही गेला. विद्यार्थिनीने विचारले, “कार्ड टेकवायच्या आधी किती रुपये टाकलेत ते मला कोण सांगणार?” बँकेचा एसएमएस तिचा फोन वाचून दाखवतो खरा, पण तोवर पैसे गेलेले असतात. छापील चार्ज स्लिप तिच्या दृष्टीने कोरा कागद आहे.

म्हणून रक्कम मशीनने आधी बोलली पाहिजे, आणि ती मराठीत बोलली पाहिजे. इथे आपल्या भाषेची एक खासियत आडवी येते. इंग्रजीत वीसपुढचे आकडे तुकडे जोडून बोलता येतात. मराठीत एक ते नव्व्याण्णव हा प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द आहे, त्यामुळे नव्व्याण्णव आकडे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावे लागले. शिवाय ‘शंभर’ वेगळा आणि ‘एकशे पाच’मधला ‘एकशे’ वेगळा. गोंगाटात कोणते शब्द एकमेकांत मिसळतात याची यादी पाच जणांनी मिळून केली. सतरा आणि सत्तर, बासष्ट आणि पासष्ट, सात आणि साठ, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. सतरा आणि सत्तर यांच्यात त्रेपन्न रुपयांचे अंतर आहे आणि कानाला जेमतेम एका जोडाक्षराचे.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, याची ताईंनी आठवण काढली. त्यांचे स्वतःचे मत जुन्या शब्दांच्या बाजूचे आहे, तरी मशीनने दोन्ही बोलावे असे त्यांनीच सुचवले. त्याप्रमाणे ठरले: आधी पूर्ण रक्कम, मग एकेक अंक. ‘दोन हजार चारशे पासष्ट रुपये. दोन, चार, सहा, पाच.’ दीडशे, अडीचशे, सव्वाशे हे रूप काकांच्या पिढीला प्रिय आहे आणि मलाही, पण पैशांच्या बाबतीत ऐकणाऱ्याला मनात हिशेब करावा लागू नये म्हणून ते वगळले. रक्कम गुप्त नसते, तिचा आवाज मोठा चालेल, असे चौघांचे मत पडले. औषधाच्या दुकानात मात्र तो कमी करता यावा, अशी विद्यार्थिनीची सूचना घेतली.

22 ऑगस्ट 2025, शुक्रवार

ताईंच्या चाचणीत 1,240 रुपयांच्या बिलाला मशीन म्हणाले, ‘एक लाख चोवीस हजार रुपये’. कारण पंधरा मिनिटांत सापडले. कार्ड व्यवहारांच्या आयएसओ 8583 संदेशात रक्कम बारा अंकी असते आणि शेवटचे दोन अंक पैशांचे असतात. दशांशचिन्ह लिहिलेले नसते, ते गृहीत धरायचे असते. आमच्या नव्या सहकाऱ्याने ते धरले नव्हते. दोष माझाही आहे, कारण तपासणी माझ्याकडे होती.

या चुकीत एक गोष्ट मात्र नीट दिसली. रक्कम ऐकताच ताईंनी कार्ड चटकन मागे घेतले आणि व्यवहार रद्द झाला. कार्ड मशीनवर स्वतः रक्कम ऐकून नकार देण्याची आपली ही पहिलीच वेळ, असे त्या म्हणाल्या.

आजच एक नियम पक्का केला. बोलली जाणारी रक्कम बिलाच्या सॉफ्टवेअरमधून घ्यायची नाही. जी रक्कम प्रत्यक्ष कार्डाकडे मंजुरीसाठी जाते, म्हणजे टॅग 9एफ02 मधली, तीच वाचायची. स्क्रीनवर एक, आवाजात दुसरे आणि खात्यातून तिसरेच, असे घडण्याची शक्यताच राहू नये.

1 सप्टेंबर 2025, सोमवार

गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका ओळखीच्या कापड दुकानात आवाजाची चाचणी घेतली. बाहेर ढोल-ताशा चालू असताना मशीनचा लहान स्पीकर पूर्ण आवाजावरही पुरेना. आवाज वाढवण्यापेक्षा मशीन कानाशी धरता येणे अधिक उपयोगी ठरले, आणि दोन बोटांनी खाली ओढले की रक्कम पुन्हा ऐकवावी अशी सोय घातली. ती कितीही वेळा चालते. इतकेच काम झाले.

17 सप्टेंबर 2025, बुधवार

कार्ड टेकवायचे कुठे, हा प्रश्न इतका मोठा असेल असे वाटले नव्हते. काही मशीनची अँटेना स्क्रीनखाली असते, काहींची कागदाच्या गुंडाळीच्या झाकणावर. खूण म्हणून छापलेल्या चार कमानी बोटाला लागत नाहीत. परिणामी दुकानदार ग्राहकाच्या हातून कार्ड घेतो, आणि ताई म्हणतात त्याप्रमाणे कार्ड हातून सुटले की जीव टांगणीला लागतो. आमच्या मशीनच्या अँटेनेच्या जागी, झाकणावर, उठावदार वर्तुळ देण्याचे उत्पादकाने मान्य केले.

कार्डाची अडचण वेगळी. पूर्वी आकडे उठावदार असत, त्यावरून बाजू आणि दिशा कळे. आताची कार्डे सपाट असतात. चिपची धातूची पट्टी नखाने चाचपावी लागते. मास्टरकार्डने 2021 साली कडेला खाच असलेल्या कार्डांची पद्धत जाहीर केली: डेबिटला गोलसर, क्रेडिटला चौकोनी आणि प्रीपेडला त्रिकोणी खाच. काकांना नमुना म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा तसाच कापून दिला. त्यांनी तो खिशात घातला, बाहेर काढला आणि न चाचपता योग्य बाजूने मशीनच्या फटीत सरकवला. हे काम बँकांचे आहे, आमचे नाही. तरी आमच्या बँकेकडच्या पत्रात ते लिहिले.

26 सप्टेंबर 2025, शुक्रवार

यूपीआय असताना एवढा खटाटोप कशाला, असे आज एका वरिष्ठांनी विचारले. प्रश्न योग्य आहे. यूपीआयमध्ये पिन ग्राहकाच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या इअरफोनसह पडतो, आणि विद्यार्थिनी बहुतेक खरेदी तशीच करते. तिची अडचण क्यूआर सापडण्याची आहे: काउंटरवर चिकटवलेला कागद नेमका कुठे आहे हे तिला विचारावे लागते. मशीनच्या स्क्रीनवर रकमेसह उमटणारा क्यूआर तिला अधिक उपयोगी वाटला, कारण मशीन हातात घेता येते, फोन त्यासमोर धरता येतो आणि दुकानदाराने टाकलेली रक्कम तिचा स्वतःचा फोन वाचून दाखवतो. त्या क्यूआरला आम्ही पूर्ण स्क्रीन दिली. मात्र काकांकडे बटणांचा फोन आहे, आणि त्यांनी कसे पैसे द्यावेत हे त्यांनीच ठरवायचे आहे.

9 ऑक्टोबर 2025, गुरुवार

हा मोड सुरू कोणी करायचा? पहिल्या आराखड्यात तो दुकानदाराच्या मेनूमध्ये चौथ्या पानावर होता. दुकानातली मुले सहा महिन्यांत बदलतात. चौथे पान कोणी लक्षात ठेवणार नाही. आता पिनच्या स्क्रीनवर ग्राहकाने दोन बोटे तीन सेकंद टेकवून ठेवली की मोड सुरू होतो. कोणाला सांगावे लागत नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, आणि व्यवहार संपला की मशीन पुढच्या ग्राहकासाठी पूर्ववत होते. युरोपातील ईएन 1332-4 या मानकात तर ग्राहकाच्या गरजेची खूण कार्डावरच नोंदवण्याची पद्धत आहे. तसे झाले तर मशीन स्वतःच ओळखेल; पण त्यासाठी बँकांनी कार्डे तशी द्यावी लागतील.

दुकानदारांसाठी अर्ध्या पानाची सूचना लिहिली. मशीन ग्राहकाच्या हातात द्यावे, रक्कम तोंडाने सांगावी, पिन कधीही विचारू नये आणि ग्राहकाने आपणहून सांगितला तरी टाकू नये. शेवटच्या वाक्यावर विक्री विभागाने आक्षेप घेतला. ग्राहक खोळंबेल असे त्यांचे म्हणणे होते. वाक्य काढलेले नाही.

6 नोव्हेंबर 2025, गुरुवार

पिनची स्क्रीन बदलली असल्याने उत्पादकाला फर्मवेअर पुन्हा सुरक्षा प्रयोगशाळेकडे द्यावे लागले होते. तिथून एकच हरकत आली: ‘खोडा’ दाबल्यावर येणारा आवाज इतर आवाजांपेक्षा निराळा होता. तो काढला. खोडल्यानंतर आता मशीन फक्त उरलेल्या अंकांची मोजणी सांगते.

22 नोव्हेंबर 2025, शनिवार

सदाशिव पेठेतल्या त्याच औषधाच्या दुकानात आज नवे मशीन बसवले. पाच जणांपैकी काका सोबत आले. त्यांच्या स्वतःच्या महिन्याच्या गोळ्या आणि साखर तपासण्याचे यंत्र घ्यायचे होते. बिल पाच हजार दोनशे सत्तर झाले. काउंटरवर तोच मुलगा होता. त्याने मशीन काकांच्या हातात दिले आणि रक्कम तोंडाने सांगितली. मशीन बोलले, काकांनी दोन बोटे ओढून ते पुन्हा ऐकले, कारण ‘सत्तर’ की ‘सतरा’ याची खात्री करायची होती. ‘पाच, दोन, सात, शून्य.’ मग दोन बोटे टेकवली, पंजाची आड केली आणि मान वर ठेवूनच पिन टाकला. मुलगा सवयीने पुढे झुकला होता. लक्षात येताच मागे सरला आणि औषधांची पिशवी बांधू लागला.

दोन बाबी सुधारायच्या आहेत. चौकटीवरचे डावे टिंब काकांच्या मते फार बारीक आहे, आणि ‘चार अंक झाले’ यानंतर ‘पुढे’चा कोपरा सुचवणारे वाक्य लांब आहे, ते कापून तीन शब्दांचे करायचे. दोन्ही कामे सोमवारी घेत आहे.